फळी

नवा अल्बम आला की इल्पोच्या सौनात जमायचं,
हा नेम सत्तावीस वर्षांचा.
तांपेरेबाहेर, तळ्याकाठी. नोव्हेंबर.
चारलाच काळोख,
तळ्याला काठाकाठानं बर्फाची साय धरू लागलेली.
ताउनो बिअर आणतो, आइला काळं सॉसेज आणि लिंगनबेरीचा जॅम.
मी नुसतीच येते,
दर वेळी "पुढच्या वेळी आणीन" म्हणत.

बँडचं नाव हीलीहांको,
म्हणजे निखारे ढवळायची सळई.
नावाला जागलेली माणसं:
गिटार अशी की दाढेतलं सिमेंट हलावं.
आइलाच्या दंडावर ती सळई गोंदलेली आहे,
दंड सैल पडला तशी थोडी वाकलेली.
ताउनोनं मुलाच्या बाप्तिस्म्याला त्यांचं गाणं लावलं
तेव्हा पाद्री दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला,
प्रार्थनेत की संतापात, अजून कळलेलं नाही.

स्पीकर बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकवलेला.
आत आम्ही चौघं, पंचे गुंडाळून, घामाघूम.
ताउनोनं दाराच्या फटीतून हात घालून बटण दाबलं.

आणि पियानो.

असेल सुरुवात म्हणून थांबलो.
पियानोच चालू राहिला.
मग बायकांचा कोरस, लांबून,
पलीकडच्या काठावर कोणी चादरी झटकत असावं तसा.
मग गायक. आयुष्यभर ज्यानं ओरडून सांगितलं
तो आता नुसतं सांगत होता,
आईच्या स्वयंपाकघराबद्दल.
गिटार कुठेच नाही.

"लग्नाला बोलावून मयताला नेल्यासारखं," ताउनो म्हणाला.
आइलानं तापल्या दगडांवर नको तेवढं पाणी ओतलं.
दगड फिस्कारले.
त्या अख्ख्या गाण्यात
सगळ्यांना आवडलेली जागा तेवढी एकच.

"पैसा," आइला म्हणाली.
"वय," ताउनो.
"नवी बायको," दोघं मिळून.
मी मान हलवली.
सांगितलं नाही की मंगळवारी
कारखान्याच्या पार्किंगमध्ये
हेच गाणं मी सलग तीनदा ऐकलं
आणि इंजिन बंद करायचं विसरले.
ह्या सत्तावीस वर्षांत मी नवरा बदलला, आडनाव बदललं,
मांस सोडलं (सॉसेज आलं की मी फक्त जॅम चाटते).
कोणाला विचारलं नव्हतं.
पण ह्यांनी विचारायला हवं होतं,
असं मलाही वाटतंच की.

इल्पो वरच्या फळीवर.
कानातली यंत्रं बाहेर, चष्म्याच्या डबीत;
वाफेत चालत नाहीत ती.
तीस वर्षं दिवसा बॉयलरचे पत्रे जोडले,
रात्री ह्यांच्याच स्पीकरपुढे, पहिल्या रांगेत.
कान नक्की कोणी खाल्ले ह्यावर
तो आणि डॉक्टर अजून भांडतात.
डोळे मिटून तो मांडीवर ठेका धरून होता,
जुना, दुसऱ्या अल्बमचा, घणाचा ठेका.
पियानोच्या मधोमध पडत होता,
बसल्या पंगतीत कोणी बुटांसकट शिरावं तसा.

"कसं आहे?" त्यानं विचारलं,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ताउनोनं अंगठा वर केला.
आइलानं ओठ ठळक हलवत सांगितलं:
प-हि-ल्या-सा-र-खं-च.
मीही मान डोलावली.

तो हसला. ठेका थांबवला.
मग वाकून तळहात फळीवर ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.
बाहेर कोरस पुन्हा चादरी झटकू लागला.

"फळी हलत नाहीये," इल्पो म्हणाला.
"माझ्या कानांची दया येऊन हळू लावलंय तुम्ही.
पहिल्यापासून लावा. नीट."

ताउनो उठला.
फटीतून हात घातला,
आवाजाची कळ फिरेल तेवढी फिरवली.
पियानो सुरू झाला.
इल्पोचा तळहात फळीवरच होता.